पेशी पांगल्या, ई-कॅडहेरिनचा बँड मात्र जागेवर: एमडीसीके वस्तीचे एक प्रकरण

चोवीस वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये एमडीसीके या, कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या अभिस्तर (एपिथेलियल, म्हणजे अवयवांना अस्तर करणाऱ्या) पेशींच्या छोट्या वस्त्या वाढवलेल्या आहेत. त्यांना मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम या प्रमाणात एचजीएफ हे पेशी पांगवणारे प्रथिन दिले. २० तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर वस्त्या फुटलेल्या. जिथे बारा-पंधरा पेशींचा गोलसर, चकचकीत काठाचा घट्ट पुंजका होता, तिथे आता एकेकट्या, लांबुडक्या, पुढे पंख्यासारखी कड पसरलेल्या पेशी विखुरल्या आहेत. एचजीएफ न दिलेल्या शेजारच्या वेलमध्ये पुंजके जसेच्या तसे. प्रयोग चोख झाला. मग त्याच पेशी फोडून मिळालेला लायसेट जेलवर चालवून प्रथिने वजनानुसार वेगळी केली, ई-कॅडहेरिनची अँटिबॉडी लावली, आणि १२० किलोडाल्टनच्या आसपास दोन्ही लेनमध्ये जवळपास सारख्याच जाडीचा बँड आला.

इथे गाडी अडते. सगळ्यांना पाठ असलेला धडा असा की अभिस्तर पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा मुख्य रेणू ई-कॅडहेरिन, आणि तो कमी झाला की जोड सुटतात, पेशी चालू लागतात. मग कॅडहेरिन शाबूत असताना या पेशी सुटल्या कशा? पहिला संशय ब्लॉटवर (या जेल-अँटिबॉडीच्या चाचणीवर) जातो, दुसरा अँटिबॉडीच्या लॉटवर, तिसरा एचजीएफवर. बहुतेक वेळा तिघेही निर्दोष असतात. चूक धड्यात असते, निदान या पेशींपुरती आणि या तासांपुरती. संदेश मिळाला म्हणून पेशीने शेजारणीचा हात सोडला, असे इथे होत नाही. संदेश मिळाला म्हणून तिने जमिनीवर पाय रोवले, अंग आखडले आणि ओढ इतकी वाढली की हात सुटला.

डिशमध्ये काय मांडले आहे

एमडीसीके ही कुत्र्याच्या मूत्रपिंडातली सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ साली एका प्रौढ कॉकर स्पॅनियल मादीच्या मूत्रपिंडापासून ती तयार केली. फ्लूचे विषाणू वाढवायलाही ती चालते, म्हणून विषाणूशास्त्राच्या प्रयोगशाळांतही तिचा वावर असतो. भारतात अनेकजण ती पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या साठ्यातून मागवतात. तिचे दोन उपप्रकार प्रचलित आहेत आणि पांगण्याच्या प्रयोगांसाठी बहुतेकजण दुसरा वापरतात. जुन्या, फार पासेज झालेल्या (म्हणजे अनेकदा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या) पेशी एचजीएफ नसतानाही सैल वस्त्या करतात. त्यामुळे कुठल्या पासेजची कुपी उघडली हे नोंदवून ठेवले नाही, तर पुढची सगळी मोजणी वाळूवर उभी राहते.

पांगवणारा घटक सापडला तो केंब्रिजमध्ये. मायकेल स्टोकर आणि पेरीमन यांना १९८५ साली दिसले की मानवी भ्रूणातल्या फायब्रोब्लास्ट पेशींनी वापरलेला मीडिया (वाढीचे द्रावण) अभिस्तर पेशींच्या वस्त्यांवर घातला की वस्त्या फुटतात. त्यांनी या घटकाचे नावच ‘स्कॅटर फॅक्टर’ ठेवले. तिकडे यकृतपेशींची वाढ घडवणारा एक घटक जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यांच्या गटाने वेगळा केला होता. त्याचे नाव हिपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एचजीएफ. हे दोन्ही एकच प्रथिन आहे आणि त्याचा ग्राही (पेशीच्या पटलावर त्याला पकडणारे प्रथिन) म्हणजे मेट, हे १९९१ साली स्पष्ट झाले. यकृत वाढवणारा आणि पेशी पांगवणारा रेणू एकच निघावा याचे तेव्हा आश्चर्य वाटले होते. आज त्यात नवल वाटत नाही, कारण ग्राहीच्या पुढची साखळी पेशीगणिक वेगळी वळते हे आता नेहमीचे झाले आहे.

प्लेट लावताना दोन गोष्टींवर सगळे ठरते. पहिली, दाटी. वेलमागे दोन ते तीन हजार पेशी टाकून दोन-तीन दिवस वाढू दिल्या की ८ ते २० पेशींच्या सुट्या वस्त्या मिळतात. यापेक्षा दाट झाले आणि वस्त्या एकमेकींना टेकल्या, तर एचजीएफ देऊनही पांगणे दिसत नाही. पेशी जागच्या जागी सरकतात, पण सुटून जायला मोकळी कड फारच थोडी उरते. ‘एचजीएफ खराब निघाले’ या तक्रारींमागे बऱ्याचदा एवढेच असते. दुसरी गोष्ट, पेशी एकट्या-एकट्या करून टाकणे. एमडीसीके ट्रिप्सिनला (प्रथिने कापून पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराला) सहज दाद देत नाहीत. ईडीटीएसह (कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनासह) १० ते १५ मिनिटे लागतात. घाई करून पिपेटने फोडले तर गठ्ठे पडतात आणि काही वस्त्या सुरुवातीपासूनच चाळीस-पन्नास पेशींच्या होतात. अशा वस्त्यांच्या मधल्या पेशी उशिरा सुटतात किंवा सुटतच नाहीत, आणि सरासरी बिघडते.

एचजीएफ देण्याआधी सिरम १० टक्क्यांवरून ०.५ ते १ टक्क्यावर आणतात, कारण सिरममधले इतर वाढघटक मूळ पातळीच उचलून ठेवतात. २० नॅनोग्रॅम हा आकडा छोटा वाटतो आणि तो खरोखरच छोटा आहे: रेणूचे वजन ९० किलोडाल्टन धरले तर सुमारे ०.२ नॅनोमोलर. इतक्या विरळ द्रावणातले प्रथिन प्लॅस्टिकला चिकटून संपते. म्हणून साठ्याच्या द्रावणात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) हवेच, छोट्या कुप्या करून गोठवायचे आणि एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही. आणखी एक खाच आहे. एचजीएफ पेशीतून बाहेर पडते ते एकसंध साखळीच्या रूपात, आणि तसे असताना ते मेटला बांधते पण त्याला जागे करत नाही. अर्जिनिन ४९४ आणि व्हॅलिन ४९५ यांच्यामध्ये छेद बसून दोन साखळ्या झाल्या की ते कामाचे. विकतच्या मालात छेद झालेला भाग किती, हे रिड्यूसिंग (साखळ्यांमधले बंध तोडणाऱ्या) जेलवर दिसते: सुमारे ६९ आणि ३४ किलोडाल्टनचे दोन पट्टे हवेत. एकच जाड पट्टा ९० च्या आसपास असेल तर सिरम जवळपास नसलेल्या मीडियात प्रतिसाद रेंगाळेल.

तासागणिक

पहिल्या काही मिनिटांत डोळ्यांना काही दिसत नाही, पण आत मेटचे फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट चढणे) शिगेला पोहोचलेले असते. अर्ध्या तासात वस्तीच्या बाहेरच्या कडेवर पातळ झालरी हलू लागतात. दोन ते चार तासांत सगळी वस्ती चपटी होऊन पसरते; तिचे क्षेत्रफळ वाढते, पेशींची संख्या तीच. फेज-कॉन्ट्रास्टमध्ये काठाची चकाकी जाते. इथपर्यंत एकही जोड तुटलेला नसतो. चार ते सहा तासांच्या सुमारास पहिले जोड सुटू लागतात आणि १२ ते २४ तासांत बहुतेक पेशी एकट्या होतात.

एक जोड जवळून पाहायचा तर पाच-दहा मिनिटांना एक चित्र घेत रात्रभर चित्रण लावावे लागते. शेजारच्या दोन पेशी, दोघींच्या झालरी विरुद्ध दिशांना. मधला जोड आधी सरळ रेषेत ताणला जातो, मग लांबीने आखूड होत जातो, कारण दोन्ही टोकांकडून तो उलगडत येतो. शेवटी पाच-सात मायक्रॉनचा एक दोर उरतो. तो तासभरही टिकतो. मग एका चित्रात आहे आणि पुढच्यात नाही. तुटताक्षणी दोन्ही पेशींची शेपटी झटक्यात आत ओढली जाते, ताणलेले रबर सुटावे तशी. हा झटकाच महत्त्वाचा पुरावा आहे. जोड आपसूक विरघळला असता तर आधी ताण उतरला असता, आणि मागे झटका बसायला काही उरलेच नसते. फुगडीत दोन मुली हात घट्ट धरून मागे रेलतात. हात सुटतात ते बोटे सैल केली म्हणून नव्हे, पाय भक्कम रोवून दोघी मागे ओढतात म्हणून.

आतली साखळी

मेट हा टायरोसिन कायनेज जातीचा, म्हणजे प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारा ग्राही आहे. एचजीएफ बसले की दोन मेट जवळ येतात, एकमेकांच्या १२३४ आणि १२३५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात आणि कायनेज चालू होते. मग शेपटीकडच्या १३४९ आणि १३५६ या दोन टायरोसिनवर फॉस्फेट चढते. (हे मानवी क्रमांक, कुत्र्याच्या मेटमध्ये क्रमांक थोडे सरकतात, जागा त्याच.) या दोन जागा म्हणजे बंदराचा धक्का. इथे संदेश पुढे नेणारी ग्रब२, पीआय३ कायनेज आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅब१ ही प्रथिने येऊन लागतात. गॅब१ स्वतः पुढे अनेक फॉस्फेट घेऊन संदेश फांद्यांमध्ये वाटते.

दोन फांद्या या प्रकरणात निर्णायक ठरतात. एक रासमार्गे एर्ककडे जाते, दुसरी पीआय३ कायनेजमार्गे रॅककडे. (एर्क हे कायनेज; रास, रॅक आणि पुढे येणारा रो ही स्विचसारखी चालू-बंद होणारी छोटी प्रथिने.) दोन्ही हव्यात. एर्कला चालू करणारे मेक बंद पाडणारे यू०१२६, १० मायक्रोमोलर, दिले तर पांगणे थांबते. पीआय३ कायनेज बंद करणारे वॉर्टमॅनिन, १०० नॅनोमोलर, दिले तरीही थांबते. पण वॉर्टमॅनिन मीडियात टिकत नाही. सकाळी एकदा घालून दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला पेशी पांगलेल्या दिसतात आणि तो ‘या मार्गाची गरज नाही’ असे लिहून मोकळा होतो. दर काही तासांनी पुन्हा द्यावे लागते, किंवा एलवाय२९४००२ वापरून, ते इतर कायनेजांनाही झोंबते हे मान्य करून, दोन्हींचा निकाल जुळतो का ते पाहावे लागते.

१९९५ साली ऍन रिडली, कोमोग्लिओ आणि ऍलन हॉल यांनी एमडीसीके पेशींत थेट प्रथिने टोचून फार उपयोगी गोष्ट दाखवली. रास किंवा रॅकची निकामी आवृत्ती टोचली की एचजीएफला प्रतिसाद मिळत नाही. कायम चालू राहणारा रास टोचला तर वस्ती पसरते, पण पांगत नाही. आणि कायम चालू रो टोचला तर पसरणे आणि पांगणे दोन्ही अडते. म्हणजे पसरणे आणि सुटणे ही दोन वेगळी कामे आहेत. शेवटचा निकाल पाहून ‘रो म्हणजे आकुंचन, आणि आकुंचन पांगण्याच्या विरोधात’ असा अर्थ लावला जातो. तो घाईचा आहे. सगळ्या पेशीभर, सगळा वेळ रो चालू असेल तर पेशी जाड तंतूंनी जखडली जाते आणि पुढची कडच निघत नाही. कड निघाली नाही तर पाय रोवायला पुढे जागा नाही आणि ओढ निर्माण होत नाही. पांगण्यासाठी आकुंचन हवे ते मागच्या बाजूला आणि पसरणे झाल्यावर.

एर्कच्या बाबतीत किती वेळ हा प्रश्न किती तीव्र यापेक्षा मोठा आहे. ईजीएफ हे दुसरे वाढघटक-प्रथिन दिले तरी एर्क चमकते, पण लवकर विझते. एचजीएफने ते तासन्‌तास तेवत राहते. त्या लांबलेल्या एर्कमुळे इंटिग्रिन (पेशीची जमिनीवरची पकड सांभाळणारे प्रथिन) अल्फा२ ची निर्मिती वाढते आणि पांगण्यात त्याचा वाटा आहे, हे २००१ साली याच पेशींत दाखवले गेले. अल्फा२बीटा१ हा कोलॅजेनला धरणारा इंटिग्रिन. म्हणजे पेशीकेंद्रात जाऊन संदेश काय करतो, तर पायाची पकड वाढवणारा रेणू आणखी बनवायला लावतो. चिकटण कमी करणारा संदेश म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो चिकटण वाढवतो आहे, फक्त दुसरीकडची.

दोन संशयित

कॅडहेरिनवर थेट हल्ला होतो, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा नाही असे अजिबात नाही. सार्क कायनेज ई-कॅडहेरिनच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढवते, हकाई नावाचे लायगेज त्याला चिकटून युबिक्विटिन ही खूण लावते आणि कॅडहेरिन पटलावरून आत ओढले जाते; हे २००२ सालचे काम. एआरएफ६ हे रास-रॅकसारखेच छोटे स्विच-प्रथिन (जीटीपेज) जोडावरचा माल आत नेण्यात भाग घेते. स्नेल हे प्रथिन ई-कॅडहेरिनचे जनुकच बंद करते, हे २००० साली माद्रिद आणि बार्सिलोनाच्या दोन गटांनी एकाच वेळी मांडले. एमडीसीकेमध्ये स्नेल जबरदस्तीने भरले तर बँड खरोखर जातो आणि पेशी तर्कूच्या आकाराच्या होऊन तशाच राहतात.

पण एचजीएफचे पांगणे तसे नाही. एचजीएफ धुऊन टाकले की पेशी पुन्हा एकमेकींना भेटतात आणि वस्त्या धरतात. जनुक बंद पडल्याचे हे लक्षण नव्हे. वेळापत्रकही जुळत नाही: जोड चार-सहा तासांत सुटू लागतात, तेव्हा एकूण ई-कॅडहेरिन जवळपास तेवढेच असते.

निवाडा देणारे प्रयोग २००५ साली योहान द रोय, क्लेअर वॉटरमन आणि सहकाऱ्यांनी केले. त्यांना एचजीएफने ई-कॅडहेरिनच्या कामात मोजता येईल असा बदल आढळला नाही; इंटिग्रिनची पकड मात्र वाढलेली आढळली. त्याच पेशी, तेच एचजीएफ, खाली कोलॅजेन किंवा फायब्रोनेक्टिन (पेशींच्या तळाची आधार-प्रथिने) असेल तर पांगणे जोरात, लॅमिनिन-१ असेल तर कमी. पकड जितकी घट्ट आणि मायोसिनच्या (आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या) हलक्या साखळीवरचे फॉस्फेट जितके जास्त, तितके पांगणे जास्त. मग त्यांनी जमिनीचा कडकपणाच बदलला. कडक पृष्ठावर पेशी पांगतात, मऊ जेलवर कमी. मऊ जमिनीवर पाय रोवले तरी जमीनच पुढे सरकते, ओढ बसत नाही. कॅडहेरिनवर थेट हल्ला हे एकमेव कारण असते, तर खालची जमीन किती कडक आहे याने फरक पडायला नको होता.

ताकदीचा अंदाज घेतला तर हे पटायला सोपे जाते. दोन एमडीसीके पेशींच्या मधल्या जोडावर एचजीएफ नसतानाही १०० नॅनोन्यूटनच्या घरात ओढ असते. अल्फा-कॅटेनिनचा (कॅडहेरिनला आतल्या ऍक्टिन तंतूंशी जोडणाऱ्या प्रथिनाचा) एक रेणू उलगडून व्हिंक्युलिनला (जोड पक्का करणाऱ्या प्रथिनाला) जागा द्यायला सुमारे ५ पिकोन्यूटन पुरतात. म्हणजे नेहमीच्या दिवशी ओढ हजारो रेणूंत वाटली जाते आणि थोडी वाढली तर व्हिंक्युलिन येऊन जोड उलट मजबूत होतो. जोड आखूड होत जातो तेव्हा तीच ओढ कमी रेणूंवर पडते. दोर तुटायच्या आधी इतका वेळ टिकतो आणि मग एकाएकी जातो, त्याचा अर्थ इथे लागतो.

आमचे मत असे: पहिल्या आठ-दहा तासांपुरता ओढीचा खुलासा पुरेसा आहे, कॅडहेरिन आत ओढले जाणे हे सुटलेल्या पेशीने पुन्हा चटकन जोडून न घेण्यात मदत करत असावे. दोन्ही खुलाशांना एका तक्त्यात समान रकाने देणारी मांडणी सोयीची दिसते, पण वेळेचा रकाना त्यात नसतो.

एक साधा कंट्रोल फार कमीजण लावतात. मीडियातले कॅल्शियम १.८ मिलिमोलर असते. त्यात ते कॅल्शियम बांधून घेणारे ईजीटीए २ ते ४ मिलिमोलर घातले की अर्ध्या तासात कॅडहेरिनचे जोड सुटतात. पेशी गोल होतात, एकमेकींपासून अलग दिसतात, पण चालत कुठेच नाहीत. नुसता हात सोडल्याने स्थलांतर होत नाही, हे त्या एका वेलमध्ये समोर दिसते.

मायोसिन बंद करून पाहायचे असेल तर ब्लेबिस्टॅटिन, २५ ते ५० मायक्रोमोलर. कड पसरते आणि पेशी लांब धाग्यांनी जोडलेल्या राहतात. मात्र शेपटी आत ओढायलाही मायोसिनच लागते, त्यामुळे धागा म्हणजे न तुटलेला जोड की न ओढलेली शेपटी, हे जोडातले बीटा-कॅटेनिन प्रथिन रंगवूनच ठरवायचे. शिवाय निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन निकामी होते आणि पेशींना विषारीही ठरते. हिरव्या चमकत्या प्रथिनाचे चित्रण त्याच्याबरोबर लावले तर सकाळी मेलेल्या पेशी मिळतात. पॅरा-नायट्रो आवृत्ती त्यासाठीच निघाली.

बँड कसा वाचायचा

आता पुन्हा त्या ब्लॉटकडे. एकूण लायसेटमधला बँड फक्त एवढेच सांगतो की पेशीत ई-कॅडहेरिन किती आहे. ते पटलावर आहे की आत, ऍक्टिनला बांधलेले आहे की मोकळे, हे तो सांगत नाही.

बँड खोटा कमी दिसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने उचलून मग फोडणे. कॅल्शियम काढले की ट्रिप्सिन कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कापून टाकते. पेशी थंड पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुऊन थेट वेलमध्येच फोडायच्या. उलट बँड खोटा वाढलेला दिसण्याचीही वाट आहे आणि ती जास्त फसवी. १ टक्का ट्रायटन एक्स-१०० या सौम्य डिटर्जंटमध्ये फोडून, फिरवून, गाळ टाकून दिला तर ऍक्टिनला बांधलेले कॅडहेरिन गाळाबरोबर जाते. जोड सैल झालेल्या नमुन्यात जास्त कॅडहेरिन विरघळलेल्या भागात येते, आणि पांगलेल्या पेशींचा बँड न पांगलेल्यांपेक्षा जाड दिसतो. गरम एसडीएस (कडक डिटर्जंट) बफरमध्ये सगळेच्या सगळे फोडले की हा प्रश्न मिटतो. विरघळणारा आणि न विरघळणारा भाग हवा असेल तर दोन्ही चालवायचे, एकच नव्हे.

पटलावरचे कॅडहेरिन मोजण्याची जुनी आणि स्वस्त रीत अजून उत्तम आहे. कॅल्शियम असताना ट्रिप्सिन ई-कॅडहेरिनला हात लावू शकत नाही. एका वेलला ०.०१ टक्का ट्रिप्सिन १ मिलिमोलर कॅल्शियमसह, दुसऱ्याला तेवढेच ट्रिप्सिन १ मिलिमोलर ईडीटीएसह, ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटे. मग ट्रिप्सिन रोधक घालून फोडायचे. पहिल्यात पटलावरचे आणि आतले दोन्ही उरते, दुसऱ्यात फक्त आतले. वजाबाकी म्हणजे पटलावरचे. पटलावरच्या प्रथिनांना बायोटिनची खूण लावूनही हेच मोजता येते, पण ताणलेल्या पेशींच्या खालच्या बाजूला बायोटिन पोहोचते का ही शंका राहते.

अँटिबॉडी निवडताना प्रजाती विसरू नये. मानवी ई-कॅडहेरिनसाठीचा प्रत्येक क्लोन (एका वंशाची अँटिबॉडी) कुत्र्याच्या पेशींवर चालेलच असे नाही. आतल्या शेपटीला ओळखणारा क्लोन ३६ चालतो, बाहेरच्या भागासाठी डेक्मा-१ किंवा आरआर१. रंगवण्यासाठी पेशी स्थिर करताना उणे २० अंशांच्या मेथॅनॉलने कॅडहेरिन सुरेख दिसते, पण त्याच कव्हरस्लिपवर फॅलॉइडिनने ऍक्टिन पाहायचे असेल तर मेथॅनॉल नको; फॅलॉइडिन चिकटतच नाही. तिथे ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड.

मोजणीबद्दल थोडेच. ‘किती वस्त्या फुटल्या’ हा आकडा वस्ती फुटली कशाला म्हणायचे यावर अवलंबून असतो. केंद्रके रंगवून प्रत्येकीचे सर्वांत जवळच्या केंद्रकापासूनचे अंतर मोजणे बरे, आणि वेलवरची चिठ्ठी झाकून मोजणे त्याहून बरे.

किती वेळ

संदेश लांबला तर काय होते याचे उदाहरण डिशबाहेर आहे. मेटवरचे टायरोसिन १००३ हे सीबीएल लायगेजला बसायची जागा. तिथून युबिक्विटिन लागते आणि काम झालेले मेट पेशीत ओढून नष्ट केले जाते. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत मेटच्या जनुकातला चौदावा एक्झॉन (जनुकाचा तुकडा) गाळला जातो आणि त्याबरोबर ही जागाही जाते. मेट विझत नाही. अशा रुग्णांसाठी कॅपमॅटिनिब या मेट बंद करणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. दुसऱ्या टोकाला, मेट नसलेल्या उंदरांच्या भ्रूणात हातापायांचे स्नायू होत नाहीत, कारण स्नायूंच्या पूर्वज पेशी आपली जागा सोडून हातापायांच्या कळीपर्यंत जातच नाहीत. हे १९९५ साली दिसले. आणि एमडीसीके पेशी कोलॅजेनच्या मऊ जेलमध्ये गाडून तेच एचजीएफ दिले, तर त्या पांगण्याऐवजी फांद्या फुटलेल्या नळ्या करतात. जिनिव्हाच्या मोन्तेसानो गटाचे १९९१ सालचे हे निरीक्षण प्लॅस्टिकवरच्या निकालांना फार विश्वासाने कवटाळणाऱ्यांनी एकदा तरी स्वतः करून पाहावे.

पुढची प्लेट

अडलेल्या प्रकरणात दुसरी प्लेट लावायची तर कोलॅजेन, लॅमिनिन-१ आणि साधे प्लॅस्टिक असे तीन गट, प्रत्येकात एचजीएफसह आणि एचजीएफविना, शिवाय ईजीटीएचा एक वेल. कोलॅजेन-१ चे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण ०.०२ नॉर्मल ऍसेटिक आम्लात करून तासभर ठेवायचे आणि पीबीएसने आम्ल पूर्ण धुऊन काढायचे, नाहीतर पेशी बसतच नाहीत. नमुने १० मिनिटे, १ तास, ६ तास आणि २० तासांचे घ्यायचे. पहिल्या दोनांत फॉस्फो-मेट आणि फॉस्फो-एर्क, शेवटच्या दोनांत मायोसिन हलक्या साखळीचे फॉस्फेट आणि पटलावरचे ई-कॅडहेरिन. मेटची बीटा साखळी १४५ किलोडाल्टनला येते, १७० चा पट्टा न कापलेल्या पूर्वरूपाचा; दोन्ही एकत्र धरून मोजू नये.

कोलॅजेन आणि लॅमिनिन या दोन्ही गटांत फॉस्फो-मेट सारखे, पण लॅमिनिनवर वस्त्या टिकल्या, तर संदेश पोहोचला आणि ओढ कमी पडली, असा सरळ अर्थ आहे. लॅमिनिनवरही पेशी पांगल्या तर सिद्धांत मोडीत काढण्याआधी पेशी त्या थरावर किती वेळ होत्या ते पाहायचे. दोन-तीन दिवस वाढलेल्या एमडीसीके पेशी खाली स्वतःचा मॅट्रिक्स अंथरतात, सिरममधले फायब्रोनेक्टिनही येऊन बसते, आणि २०० रुपयांचे की २० हजारांचे लॅमिनिन लावले याला अर्थ उरत नाही. अशा गटासाठी आधीच वाढलेल्या वस्त्या सौम्यपणे, अखंड उचलून ताज्या थरावर बसवायच्या किंवा दाट टिंब टाकून वस्ती एका रात्रीत जमवायची, आणि थरावर बसल्यापासून २४ तासांच्या आत एचजीएफ द्यायचे.